रंगाचा तिसरा हात

२ नोव्हेंबर, रविवार

दादाचा फोन आला. एकोणतीस तारखेला तो येतोय आणि जाताना बाबांना कायमचं आपल्याकडे घेऊन जाणार आहे. विचारत नव्हता, कळवत होता.

कारण ते दुधाचं पातेलं. गेल्या महिन्यात बाबा दूध तापत ठेवून बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसले आणि पातेल्याचा कोळसा झाला. धूर जिन्यात आला तेव्हा समोरच्या नर्सबाईंनी दार वाजवलं. वर त्यांनी मला न सांगता थेट दादाला कळवलं. मी दोन गल्ल्या पलीकडे राहते, रोज कामावरून सुटले की बाबांकडे जाते, आणि फोन गेला तो सहा तासांच्या प्रवासावर राहणाऱ्या मुलाला.

"आज पातेलं जळलं, उद्या घर जळेल," दादा म्हणाला.

"माझी आजवर तीन जळली. मला कुठे नेतोस?"

"चिंगे, तू पंचाहत्तर वर्षांची नाहीस."

बाबांना सांगितलं तर म्हणाले, "उचलून न्यायला मी काय कपाट आहे? कपाटसुद्धा न्यायच्या आधी रिकामं करावं लागतं."

हसले मी. बाबा या घरातून गेले तर ते महिन्याभरात म्हातारे होतील. मला एक सुचलंय. माझ्या बिट्टीने पंचाहत्तरीला आजोबांना दिलेलं खोकं टीव्हीमागे तसंच पडलंय. प्लास्टिकची छोटी मोटार, सुटे भाग, जोडून रंगवायची. पस्तीस वर्षं वर्कशॉपमध्ये खऱ्या गाड्यांना स्प्रे मारणाऱ्या माणसाला ते पोरखेळ वाटलं असणार. पण एकोणतीस तारखेला ती गाडी रंगवून टेबलावर ठेवली, तर दादाला दिसेल की हात थरथरत नाही आणि डोकं जागेवर आहे. मग बोल म्हणावं.

५ नोव्हेंबर

बाबा आधी नाही म्हणाले. मग खोकं उघडलं आणि चष्मा कपाळावरून नाकावर आला. गाडीचा पत्रा, म्हणजे प्लास्टिकचाच, तळहाताएवढा. तो त्यांनी भांड्याच्या साबणाने धुतला आणि ओला करून वापरायच्या सर्वांत बारीक पाणीपेपरने घासला. मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाले, "बोटाचं तेल लागतं. बोटाचा ठसा रंगाखाली जन्मभर राहतो."

रंग हिरवा ठरला, बाटलीच्या काचेसारखा. वर्कशॉपच्या मालकांची गाडी त्या रंगाची होती आणि तिला रंग बाबांनीच दिला होता. एकदा मालकांनी आम्हा दोघा भावंडांना तिच्यातून फिरवून आणलं आणि दादा मागच्या सीटवर भडाभडा ओकला.

"महिनाभर वास गेला नाही," बाबा म्हणाले. "मालक काच खाली करून गाडी चालवायचे आणि मी समोर आलो की काच वर करायचे."

हे सांगताना ते इतके हसले की ठसका लागला. असे हसले नव्हते कित्येक महिन्यांत.

८ नोव्हेंबर, शनिवार

परवा करडा प्रायमर, आज हिरव्याचा पहिला हात. मागच्या गॅलरीत पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेवलं, त्यात बाटलीवर गाडी उभी केली. स्प्रेचा डबा आधी कोमट पाण्यात ठेवायचा, मग दोन मिनिटं हलवायचा, आतली गोळी खुळखुळते ती ऐकायची. मग एक वीत अंतरावरून, गाडीच्या अलीकडून सुरुवात आणि पलीकडे शेवट. गाडीवर कधीच थांबायचं नाही, थांबलं की ओघळ आला.

बाबांचा हात लोण्यातून सुरी जावी तसा फिरला. मी श्वास रोखून उभी होते. एक थेंब ओघळला नाही.

डब्यावर लिहिलंय, पुढचा हात तासाच्या आत द्या, नाहीतर अठ्ठेचाळीस तासांनी, जाड हात असेल तर आठवड्याने. मधल्या वेळात दिला तर खालचा रंग सुरकुततो. मी मोबाइलवर वेळ लावायला गेले.

"डब्यावर लिहिणाऱ्याला इथली हवा काय माहीत? इनॅमल घड्याळावर वाळत नाही. जवळ घेऊन वास घ्यायचा. वास आहे तोवर आत ओलं आहे. वास गेला की वाळला. वर्कशॉपमध्ये सगळे मलाच बोलवायचे, या जरा नाक लावा म्हणून."

हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. तरी आज बरं वाटलं. हे दादासमोर बोलले पाहिजेत.

१० नोव्हेंबर

आज दुकानात गंमत झाली. एक आजोबा मुलीबरोबर नजर तपासायला आले. मी तक्ता दाखवला, तर शेवटची बारीक ओळ धडाधड वाचली. मला शंका आली, कारण खुर्चीत बसताना त्यांनी खुर्चीच शोधली होती. मी दुसरा तक्ता लावला. आजोबा पहिल्याच ओळीला अडखळले. मागच्या खेपेला आले असताना पहिला तक्ता पाठ करून गेले होते. मुलगी म्हणाली, "अहो, मी सगळ्यांना सांगत फिरते, आमच्या बाबांची नजर घारीची आहे म्हणून."

किती वर्षं झाली मला चष्म्याच्या दुकानात, असा नग पाहिला नव्हता. बाबांना सांगितलं. वाटलं हसतील. ते म्हणाले, "दुसरा तक्ता कशाला लावलास?"

"म्हणजे? उद्या रस्ता ओलांडताना पडले तर?"

"ते खरं," म्हणाले आणि उठून गॅलरीत गेले.

१२ नोव्हेंबर

पहिला हात वाळला. बाबांनी गाडी उलटी करून पोटाकडून नाकाशी धरली, डोळे मिटले, मग माझ्याकडे दिली. "बघ तू." रोज असंच करतात. स्वतः आधी, मग मी, आणि माझं होईपर्यंत माझ्याकडे टक लावून बघत राहतात, परीक्षा घेतल्यासारखे. परवा माझ्या नाकाला उग्र लागला, तर मी काही बोलायच्या आतच "मग थांबू" म्हणाले. आज काही नाही. "वाळला," ते म्हणाले. मला शिकवतायत. या वयात शिकवायची हौस आहे, हेही दादाला सांगायला हवं.

दुसरा हात भरपूर ओला दिला, आरशासारखा. गाडीच्या छतात खिडकी दिसत होती.

बाबांनी चहा केला. दूध नासलेलं होतं, कप तोंडाजवळ नेताच कळलं. त्यांनी आपला कप निम्मा संपवला होता. बोलण्याच्या नादात असणार. तसं ढगाळ हवेत दूध एका मिनिटात फिरतं. दोन्ही कप ओतले, पातेलं घासलं, नर्सबाईंचं दार बंद आहे ना ते बघितलं.

१४ नोव्हेंबर

सर्दीने डोकं जड. दुकानात नाक पुसता पुसता दिवस गेला.

वहिनीचा फोन. चांगली आहे ती, म्हणूनच बोलायला अवघड जातं. "वन्सं, आम्ही काही त्यांना डांबून ठेवणार नाही. पण तुम्हाला एवढी काळजी आहे, तर तुमच्याकडेच का नेत नाही?"

माझ्या दोन खोल्या आहेत, बिट्टीचा अभ्यास आहे, असं म्हटलं. ती बरं म्हणाली. दोन खोल्या आहेत हे खोटं नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सगळं वाया गेलं.

दुसऱ्या हाताला तीनच दिवस झाले होते. पण एकोणतीस जवळ येतेय, चाकं, काचा, बंपर सगळं बाकी, माझा जीव वरखाली होत होता. बाबांनी गाडी नाकाशी धरली. "मला तर वाळल्यासारखा वाटतोय. बघ तू." माझं नाक पार चोंदलं होतं. पण ते हो म्हणालेच होते, त्यांचं नाक आहे म्हटल्यावर माझं कशाला, म्हणून मी नुसती गाडी नाकापाशी नेली आणि परत दिली. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. "वाळला," म्हणाले.

तिसरा हात दिला. आधी सुंदर दिसला. मग छतावर एक रेघ हलली. मला वाटलं केस पडला. बघता बघता सगळं छत दुधावरच्या सायीसारखं सुरकुतलं, मग बॉनेट, मग दारं. आम्ही दोघं शेजारी उभे राहून नुसते बघत होतो. काही करण्यासारखं नसतंच तेव्हा.

मी डब्याला नावं ठेवली, दुकानदाराला नावं ठेवली, जुना माल गळ्यात मारला म्हटलं. बाबा स्टुलावर बसले. "डब्याचा दोष नाही," एवढंच म्हणाले. त्यांचे हात मांडीवर होते आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला ते म्हाताऱ्याचे हात वाटले.

मीच घाई केली. घाई माझी होती.

१७ नोव्हेंबर

रंगाच्या दुकानात गेले, भांडायच्या तयारीने. दुकानदार शांतपणे म्हणाला, "ताई, या दमट हवेत जाड हाताला आठवडा धरा. वास गेला होता का?"

"बाबा म्हणाले गेला. पस्तीस वर्षं स्प्रे मारलाय त्यांनी."

"मग नवल आहे," म्हणाला आणि नवा डबा काढून दिला.

दादाला संध्याकाळी फोनवर सांगितलं, बाबा एक छोटी गाडी रंगवतायत, झकास चाललंय. खोटं बोलताना माझा आवाज वहिनीसारखा गोड होतो, हे आज लक्षात आलं.

२० नोव्हेंबर

बाबांच्या सांगण्यावरून गाडी दोन दिवस ब्रेक ऑइलमध्ये बुडवून ठेवली होती. रंग चिखलासारखा सुटून आला. जुन्या टूथब्रशने घासून काढला, पुन्हा धुतली, पुन्हा प्रायमर. उद्या पहिला हात.

"या वेळी घड्याळ लावू," बाबा म्हणाले.

"तुम्ही? घड्याळ?"

"डब्यावर काहीतरी लिहितात ते विचार करूनच लिहीत असतील."

मला रडूच आलं. एका सुरकुतलेल्या गाडीने त्यांचा भरवसा गेला, आणि गाडी रंगवायची अक्कल माझी. दादासमोर आता हा पडेल चेहरा घेऊन बसणार.

२४ नोव्हेंबर

 

नाक दोन दिवसांपासून मोकळं झालंय. संध्याकाळी पाचला बाबांच्या जिन्यात शिरले आणि पहिल्या मजल्यावरच गॅसचा वास आला. वाटलं, कुणाकडे तरी सिलिंडर बदलतायत. दुसऱ्या मजल्यावर वाढला. किल्लीने दार उघडलं तर वास अंगावर आला. बाबा टेबलाशी बसून बारीक पेपरने चाकं घासत होते. शिट्टी वाजवत होते.

चहा उतू जाऊन शेगडी विझली होती आणि बटण तसंच चालू. मी ते बंद केलं, खिडक्या उघडल्या, दिव्याला हात लावू नका म्हणून ओरडले आणि त्यांना दंडाला धरून जिन्यात आणलं.

"अगं, काय झालं काय?"

"गॅस, बाबा. सगळ्या घरात वास—"

आणि त्यांच्या तोंडाकडे बघून थांबले. त्यांनी मान वळवून घराकडे पाहिलं, जसं कुणी बहिऱ्या माणसाने घंटेकडे पाहावं.

नर्सबाईंनी आम्हाला आत घेतलं, पाणी दिलं आणि काही न विचारता आपल्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. मग बाबांनी सांगितलं. दीड वर्ष झालं. कशाचाच वास येत नाही.

"मग गाडीचा? पहिला हात?"

"तुझं तोंड बघून. तुला उग्र लागलं की तुझी डावी नाकपुडी चढते. लहानपणापासून. त्या शनिवारी तुझं तोंड कोरं होतं, म्हटलं वाळला." थोड्या वेळाने म्हणाले, "सर्दी होती ना तुला. मला समजायला हवं होतं."

मी त्यांच्या नाकावर विसंबले होते आणि ते माझ्या.

दूध, पातेलं, तो चहा. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि प्रत्येकाला मी कारण शोधून दिलं. लोकांची नजर तपासून पोट भरते मी.

२५ नोव्हेंबर

दुकानातून रजा घेतली. डॉक्टरांनी विचारलं, रंग मारताना तोंडावर काय बांधायचात? "रुमाल," बाबा म्हणाले, "तोही साहेब लोक आले तरच." डॉक्टर म्हणाले, त्यामुळे असेल, वयामुळे असेल, किंवा दुसऱ्या कशाची तरी सुरुवात असेल, तपासण्या करू. ते दुसरं काय, हे बाबांनी विचारलं नाही. मी बाबांना बाहेर बसवून विचारलं. इथे लिहीत नाही.

परतताना विचारलं, कधी लक्षात आलं?

"तुझ्या आईचं कपाट उघडलं. वाटलं, ती जाऊन इतकी वर्षं झाली, कपड्यांचा वास उडून गेला. दोन दिवस वाईट वाटत होतं. मग कांदा चिरला तेव्हा समजलं, कपड्यांचं नाही, माझंच गेलंय." थांबून म्हणाले, "म्हणजे वाईट आणि बरं, दोन्ही वाटलं. आत तिचा वास असेल अजून, नाही?"

घरी गेल्यावर मी कपाट उघडलं. आईच्या साड्यांमध्ये तोंड घातलं. हो म्हणणं किती सोपं होतं. ते माझ्या नाकपुडीकडे बघत उभे होते.

"नाही, बाबा. डांबराच्या गोळ्यांचा येतो फक्त."

त्यांनी मान हलवली. कपाट त्यांनीच लावून घेतलं. "आता तुझं ऐकायला हरकत नाही," म्हणाले.

२६ नोव्हेंबर

पहिल्या हाताला पाच दिवस झाले. मी पोटाकडून नीट वास घेतला, दोनदा. गेला होता. बाबांनी दुसरा हात दिला. हात पूर्वीसारखाच फिरला. हाताला काहीही झालेलं नाही. हे दादाला सांगून आता काय उपयोग, हात कुणी वाईट म्हटलाच नव्हता.

२७ नोव्हेंबर

त्यांना माझ्याकडे का नेत नाही?

बिट्टीचे बाबा घर सोडून गेले त्याला आठ वर्षं झाली. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी तासभर कुणाची तरी लेक असते. चपला काढते, "आलीस का" ऐकते, आयता चहा पिते. मग उठून माझ्या घरी जाते आणि पुन्हा आई होते. बाबा माझ्या घरी आले तर मी त्यांचीही आई होईन, आणि मला जायला जागा उरणार नाही. त्यांना त्यांच्या घरात ठेवायला मी महिनाभर भांडतेय ती माझी जागा सुटू नये म्हणून.

लिहिलं खरं. आता खोडवत नाही.

बिट्टीला गॅसचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, माझा पलंग भिंतीला उभा लावता येतो, मी मैत्रिणीकडे पाहिलाय तसला. आजोबांना आणू या म्हणून कधीपासून सांगायचं होतं. तू दर वेळी विषय बदलायचीस."

२९ नोव्हेंबर, शनिवार

दादा अकराला आला. गाडी टेबलावर नव्हती, गॅलरीत उपड्या टोपल्याखाली होती. दोनच हात झालेत, चाकं नाहीत, काचा नाहीत. माझा सगळा बेत टोपल्याखाली.

मी त्याला बसू दिलं, पाणी दिलं आणि सगळं सांगून टाकलं. पातेलं, नासलेला चहा, गॅस, डॉक्टर, आणि फोनवर मी मारलेल्या थापा. बाबा तिथेच बसून होते. दादा रागावेल म्हणून मी वाट बघत होते. त्याने पाण्याचा पेला टेबलावर ठेवला.

"म्हणजे पातेल्याचं माझं खरं होतं," शेवटी म्हणाला, पण जिंकल्यासारखा नाही.

"तुझं खरं होतं."

मग तो गॅलरीत गेला आणि टोपलं उचलून खाली वाकला. "ही मालकांची गाडी ना? हिच्यातच मी—"

"हिच्यातच," बाबा म्हणाले. "मागची सीट अजून बसवली नाही. तू जेवायच्या आत बघून घे."

दादा हसला. गाडी बाटलीसकट उचलून त्याने नाकाजवळ नेली. कुणी सांगितलं नव्हतं. त्यालाही लहानपणापासून तेच माहीत.

"अजून ओली आहे."

"कसा येतोय?" बाबांनी विचारलं.

दादाला असलं काही सांगता येत नाही. तो हिशेबी बोलणारा माणूस. गाडी हातात धरून तो उभा राहिला. "रॉकेलसारखा. नाही, रॉकेल नाही. तुम्ही कामावरून यायचात आणि शर्ट दाराच्या मागे टांगायचात ना. तसा."

बाबा बराच वेळ दाराच्या मागे बघत बसले. तिथे आता छत्री असते.

जेवताना दादाने बाबांची पिशवी भरायचा विषय काढला. बाबा म्हणाले, "वास जायला अजून चार दिवस आहेत. अर्ध्यात सोडून मी कुठे येत नाही."

"आणि चार दिवसांनी?"

"चार दिवस कशाला, आजपासूनच माझ्याकडे," मी म्हणाले. ऐकताना मलाच नवीन वाटलं. "गाडीसकट."

"चिंगे, दोन खोल्यांत?"

"दोन खोल्या आणि गॅलरी."

दादाने बाबांकडे बघितलं. बाबांनी माझ्याकडे. "बिट्टीला विचारलंस?" म्हणाले. नको म्हणाले नाहीत.

३ डिसेंबर

बिट्टीचा पलंग भिंतीला उभा झाला. बाबांचा पलंग खिडकीशी. आईचं कपाट दादाने टेम्पोतून आणून दिलं, आधी रिकामं करून. तपासणीची तारीख नऊ आहे. रात्रीची झोप अर्धीच होते, शेगडीची बटणं दोनदा बघते, कधी तिसऱ्यांदाही.

दुकानातून आले तर बाबांनी दार उघडलं आणि म्हणाले, "आलीस का." मी चपला काढत तशीच उभी राहिले जरा वेळ.

मग गॅलरीत जाऊन टोपलं उचललं, गाडी नाकाशी धरली. बाबा डबा कोमट पाण्यात ठेवून तयार बसले होते, सकाळपासून वाट बघत असणार. वास होता. अगदी पुसट, असं वाटावं की नाहीच. त्यांची घाई दिसत होती आणि मला त्यांना नाही म्हणवत नव्हतं. त्यांनी माझ्या नाकपुडीकडे बघितलंच नाही, रस्त्याकडे बघत बसले.

"अजून आहे, बाबा."

"मग थांबू," म्हणाले, आणि डबा पाण्यातून काढून कोरडा पुसून ठेवला. "तोवर चहा टाकतो."

ते उठले. पाठोपाठ मीही उठले.